लक्षणांची सनद

मूर्तीची लक्षणे शास्त्राने ठरवून दिलेली असतात, शिल्पी ती निमूटपणे पाळतो आणि पूजक ती निमूटपणे पाहतो, असा समज आपल्याकडील सुशिक्षितांत इतका दृढमूल झाला आहे की, संग्रहालयातील पाटीवर आसनाचे नाव, मुद्रेचे नाव आणि शतकाचा आकडा वाचला म्हणजे त्या पाषाणाविषयी जाणण्याजोगे सर्व जाणून झाले असे मानून मनुष्य पुढच्या काचपेटीकडे वळतो. हा समज मला अपुरा तर वाटतोच, पण हानिकारकही वाटतो. शास्त्र तालमान सांगते, अंगुलांचे हिशेब सांगते, कोणत्या हातात कमळ आणि कोणत्या हातात कमंडलू याचा निर्देश करते; परंतु गर्भगृहाच्या मध्यभागी कोणाला बसवायचे, त्याच्या चरित्रातील कोणत्या क्षणी त्याला थांबवून ठेवायचे, त्याच्या शेजारी कोणाला उभे राहू द्यायचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे, हा निवाडा ज्या समाजाने त्या मूर्तीसाठी द्रव्य आणि श्रम वेचले त्याचा असतो. लक्षणांना खरी सनद मिळते ती पूजकांकडून. आणि म्हणून प्रत्येक प्रतिमा ही तिच्या पूजकांनी स्वतःविषयी दाखल केलेली कैफियत असते, असे माझे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन सुरतेतील लिंबायतच्या संदर्भात करावेसे वाटते, यास कारण आहे. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून निघून उधन्याला उतरलेली आणि लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात स्थिरावलेली मराठी कुटुंबे आज इतकी आहेत की, घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी आणि बाजारात गुजराती बोलणारी एक संपूर्ण पिढी येथेच जन्मली आणि येथेच वाढली. यंत्रमागाच्या खात्यात पाळीने कापड विणावे, साड्यांना लेस आणि खडे लावावेत, कापडबाजारात गठ्ठे वाहावेत, असा यांचा चरितार्थ. यांतील बौद्ध कुटुंबांनी वर्गणी काढून वस्तीतच विहार उभे केले. अशा विहाराचे बाह्य रूप अगदी साधे असते: एक लांबट खोली, चुन्याच्या भिंती, समोर ओटा, ओट्यावर मध्यभागी बुद्धमूर्ती, शेजारी निळ्या कोटातील बाबासाहेबांची तसबीर किंवा अर्धपुतळा, आणि पुढे मेणबत्त्या. सायंकाळी त्रिसरण-पंचशील होते आणि लोक पाळीवर जातात.

या ओट्याविषयी दोन प्रकारचे आक्षेप नेहमी कानी येतात. कलेचे अभ्यासक म्हणतात की, येथे मूर्तिविज्ञान म्हणावे असे काही नाही. बाजारातून आणलेली साच्यातली मूर्ती आणि तिच्या शेजारी पाश्चात्त्य पोशाखातील एक राजकीय पुढारी, यांत परंपरेचा धागा कोठे आहे? उलटपक्षी काही निष्ठावंत बुद्धिवादी म्हणतात की, बाबासाहेबांचा धम्म विवेकाचा असल्यामुळे त्यात मूर्तीला मुळी स्थानच असू नये, आणि मूर्ती आली की तिच्यामागून नवस आणि अंगारे येणारच. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर इतिहासातच आहे: २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील विहारात ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना खुद्द बाबासाहेबांनी केली, आणि नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा अद्याप दोन वर्षे अवकाश होता. प्रतिमा हे समाजाला एकत्र आणण्याचे आणि शिकविण्याचे साधन आहे, हे त्यांच्यासारख्या मनुष्यास कोणी सांगावयास नको होते. पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र विस्ताराने दिले पाहिजे, आणि त्यासाठी परंपरा जेथे अखंड राहिली असे सर्वजण मान्य करतात त्या हिमालयात जाणे इष्ट होईल.

लडाखमध्ये लेहच्या पश्चिमेला सिंधूच्या काठी आल्ची नावाचे गाव आहे. तेथील विहारसमूहात सुमत्सेक या नावाचे तीनमजली मंदिर आहे. दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, आणि तीन बाजूंच्या भिंतींत तीन खोल कोनाडे. प्रत्येक कोनाड्यात मातीची एक प्रचंड बोधिसत्त्वमूर्ती उभी आहे: डाव्या हाताला अवलोकितेश्वर, समोर मैत्रेय, उजव्या हाताला मंजुश्री. मूर्ती चार मीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही उंच असल्यामुळे त्यांची मस्तके वरच्या मजल्यात शिरलेली आहेत, आणि परिणामी खाली जमिनीवर उभ्या राहिलेल्या भाविकाच्या डोळ्यांसमोर मूर्तीचे मुख येत नाही, तर तिचे धोतर येते. काश्मिरी परंपरेत तयार झालेल्या त्या चित्रकारांनी हे पुरते ओळखले होते. त्यांनी त्या तिन्ही धोतरांवर तीन निरनिराळे विषय रंगविले. अवलोकितेश्वराच्या वस्त्रावर मंदिरे, प्रासाद आणि तीर्थस्थाने आहेत. मंजुश्रीच्या वस्त्रावर चौऱ्यांशी सिद्ध आहेत, म्हणजे जे समाजाच्या कडेला राहून ज्ञानी झाले असे अवलिये. आणि मैत्रेयाच्या वस्त्रावर, एकाशेजारी एक काढलेल्या वर्तुळांत, शाक्यमुनी गौतमाचे चरित्र आहे.

या शेवटच्या गोष्टीपाशी क्षणभर थांबले पाहिजे. मैत्रेय हा पुढे येणारा बुद्ध. तो अद्याप आलेला नाही. त्याचे स्वतःचे असे चरित्र अजून घडावयाचे आहे. चार हातांची, मुकुट आणि अलंकार ल्यालेली अशी ही भविष्यकाळाची मूर्ती होऊन गेलेल्या बुद्धाचे चरित्र आपल्या कमरेला गुंडाळून उभी आहे. कोणत्याही मूर्तिशास्त्रात मैत्रेयाचे लक्षण म्हणून हे सांगितलेले नाही. जटामुकुटातील लहान स्तूप, हातातील कुंडिका, नागकेसराची डहाळी ही त्याची ग्रंथोक्त लक्षणे. धोतरावरील चरित्र ही आल्चीची स्वतःची तजवीज. आपल्याला जो उद्याचा दिवस हवा आहे तो कालच्या एका विशिष्ट आयुष्याच्या आधारावाचून उभा राहू शकत नाही, हा त्या समाजाचा निश्चय त्या मातीच्या मांडीवर रंगविला गेला आहे, आणि तो ग्रंथाच्या कोणत्याही श्लोकाइतकाच मूर्तीचा अर्थ ठरवितो. त्या मंदिराची छतेदेखील जणू वर कापडाचे तुकडे ताणून बसविले असावेत अशा रीतीने रंगविलेली आहेत. वस्त्रांचे नमुने, किनारी, ठिपके, पशुपक्ष्यांच्या आकृती. ज्या नगरीत दिवसरात्र साडीच्या किनारीचा विचार चालतो तेथील माणसाला हे मंदिर परके वाटण्याचे कारण नाही.

आता बाबासाहेबांच्या कोटाविषयी. आल्चीच्याच दुखांग नावाच्या जुन्या दालनात प्रवेशद्वाराजवळ एक चित्र आहे: मध्य आशियाई धाटणीचा, सिंहांच्या वर्तुळाकृतींनी नटलेला अंगरखा घातलेला एक स्थानिक सरदार राणीसमवेत बसला आहे आणि पेयपात्रांची देवघेव चालली आहे. मंडलांनी आणि बुद्धांनी भरलेल्या त्या दालनात तत्कालीन सत्ताधारी घराणे आपल्या तत्कालीन, आणि धर्मदृष्ट्या सर्वस्वी परकीय, पोशाखात येऊन बसले आहे. आणि आज जगभरचे पंडित त्या अंगरख्याच्या विणीवर प्रबंध लिहितात. हिमालयातील मठांत गुरूंच्या मूर्ती बुद्धाच्या ओळीत बसविण्याची वहिवाट तर सार्वत्रिक आहे; प्रत्येक संप्रदायाने आपला आचार्य त्याच्या टोपीसह, त्याच्या हातातील पोथीसह बुद्धाशेजारी बसविला. मग ज्याने पंचवीसशे वर्षांनंतर लक्षावधी माणसांना त्रिसरण दिले त्या आचार्याच्या अंगावरचा निळा कोट, हातातील संविधानाचा ग्रंथ आणि पुढे रोखलेली तर्जनी यांना लक्षणे म्हणावयास आपण का कचरावे? ग्रंथ हे मंजुश्रीचेही लक्षण आहे. वस्त्राची शिलाई बदलली म्हणून लक्षण हे लक्षण राहत नाही, असा दंडक कोणी घातला? जातीने ज्यांना अंगभर वस्त्र घालण्याचीही मनाई केली होती त्यांच्या गुरूने पूर्ण पोशाखात उभे असणे, हे त्या मूर्तीचे आकस्मिक अंग नाही. ते तिचे मर्म आहे.

पूजकांनी आपल्या गरजेनुसार प्रतिमा घडविल्याचे दाखले शोधण्यासाठी खरे तर लडाखपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही; लिंबायतचा खानदेशी माणूस ज्या मुलखातून आला त्याच मुलखाच्या शिवेवर ते कोरलेले आहेत. अजिंठ्याच्या नवव्या आणि दहाव्या लेण्यांत मूळच्या पूजकांनी बुद्धाला मानवी रूपात बसविले नाही, स्तूप पुरेसा मानला. पुढे पाचव्या शतकात, वाकाटक हरिषेणाच्या काळात, त्याच डोंगरात गर्भगृहे खोदली जाऊन त्यांत बहुतकरून धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील, म्हणजे उपदेश करणारा, बुद्ध बसला. चाळीसगावच्या बाजूला सातमाळ्याच्या कुशीत असलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत प्रतिष्ठानच्या एका गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, दान कोरलेले आहे. तेथेच मिळालेल्या एका ठेंगण्या, हसऱ्या यक्षमूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली असे लिहिले आहे. सोनार, अत्तरवाले, व्यापारी, भिक्षू यांनी मिळून हा धर्म दगडात उतरविला. राजे त्यांत होते, पण फक्त राजे नव्हते. वर्गणी काढून विहार बांधण्याची लिंबायतची रीत त्या परंपरेहून वेगळी आहे, असे कोण म्हणेल?

अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यात आणि औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचे एक शिल्प आहे, ज्यास अष्टमहाभयांतून तारणारा असे म्हणतात. मध्ये बोधिसत्त्व उभा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना लहान लहान चौकटींत आठ संकटे: आग, चवताळलेला हत्ती, सिंह, सर्प, चोर, बेडी, बुडणारे जहाज आणि पिशाच. प्रत्येक चौकटीत घाबरलेली माणसे हात जोडून मध्यमूर्तीकडे वळली आहेत. ही यादी बारकाईने पाहिली म्हणजे ती कोणाची, हे तात्काळ कळते. घाटातून तांडे नेणाऱ्या, भडोच आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून जहाजे सोडणाऱ्या व्यापाऱ्याची ती भीती आहे. शेतकऱ्याने यादी केली असती तर तीत अवर्षण आले असते. लिंबायतच्या माणसाने केली असती तर १९९४ सालची प्लेगची साथ आली असती, जिच्या धास्तीने माणसे भरलेल्या गाड्यांच्या टपांवर बसून गावाकडे पळाली. ऑगस्ट २००६ मधला तापीचा पूर आला असता, उकाई धरणातून सुटलेल्या पाण्याने ज्यात निम्म्याहून अधिक शहर बुडाले. खात्यातली आग तर पूर्वीच्याच जागी राहिली असती. भये बदलतात, चौकटी तशाच उरतात. त्या चौकटी आज कोणी भरावयाच्या, हा माझा प्रश्न आहे.

आता मुद्रेकडे येतो, कारण माझ्या मते या सर्व विवेचनाचा गाभा तेथे आहे. भूमिस्पर्श मुद्रा सर्वांच्या परिचयाची: पद्मासनात बसलेला बुद्ध, डावा हात मांडीवर, उजवा हात गुडघ्यावरून खाली सोडलेला, बोटांनी भुईला स्पर्श करणारा. ब्रह्मदेशातून आणि सयामातून आलेल्या मूर्ती बहुधा याच मुद्रेत असतात, म्हणून आपल्या विहारांतही ती पुष्कळ दिसते. तिचा अर्थ विचारला असता 'मोहावर विजय' असे उत्तर मिळते. ते चूक नाही, पण त्या प्रसंगातील वादाचा मजकूरच त्यातून गळून पडला आहे. जुन्या पाली कथेत मार हा मोह पाडण्यासाठी येतो, त्याच्या कन्या येतात, त्याचे सैन्य येते, हे सर्व आहेच. परंतु शेवटचा तंटा आसनाचा आहे. हे आसन तुझे नव्हे, माझे आहे, असा दावा मार लावतो आणि साक्षीदार म्हणून आपले अफाट सैन्य उभे करतो. सैन्य गर्जून साक्ष देते. समोर एकटा बसलेल्या सिद्धार्थाला विचारले जाते की, तुझा साक्षीदार कोण? त्याच्यापाशी मनुष्यसाक्षीदार एकही नाही. तेव्हा तो हात खाली नेतो आणि भूमीला साक्षीस बोलावतो. भूमी साक्ष देते आणि मार पळतो. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात हा प्रसंग विस्ताराने कोरलेला आहे. वर हत्तीवर आरूढ होऊन चालून येणारा मार, चोहोबाजूंनी शस्त्रे परजणारे त्याचे विद्रूप सैनिक, खाली नृत्य करणाऱ्या कन्या, आणि या सर्व गदारोळाच्या मध्यभागी तो खाली आलेला एक हात. ज्याच्यापाशी कागद नाही, फौज नाही, बाजूने बोलणारा कोणी नाही, त्याचा बसण्याचा हक्क सिद्ध करणारी ती मुद्रा आहे.

ज्या समाजाने महाराष्ट्रात हा धम्म स्वीकारला त्याचा भूमीशी असलेला संबंध ध्यानात घेतला म्हणजे या हाताचे वजन कळते. जुन्या गावगाड्यात शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे महाराची साक्ष प्रमाण मानण्याची वहिवाट होती. गावाची हद्द कोठून कोठे जाते, कोणता दगड कोणाच्या शिवारात पडतो, हे त्याला ठाऊक असे आणि त्याने चालून दाखविलेली शीव गाव मान्य करी. भूमीच्या वतीने साक्ष देणारा तो. पण त्या भूमीतला वाटा मात्र त्याच्या नावे नसे, आणि जो असे तो वतनाच्या स्वरूपात, म्हणजे सरकारची आणि गावाची वेठ पुरवीत राहण्याच्या अटीवर. हे वतन म्हणजे गुलामगिरीची साखळी आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ती व्यवस्था प्रत्यक्षात कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या भूमीच्या वतीने बोलणाऱ्या या माणसांच्या समोर आता अशी मूर्ती आहे की, जिच्यासाठी भूमी स्वतः बोलली. एका धर्माच्या चरित्रातील मध्यवर्ती क्षण आणि तो धर्म स्वीकारणाऱ्या समाजाचा इतिहास यांचा असा मेळ क्वचितच पडतो. आणि तरीही विहारातल्या मुलाला ही मुद्रा शिकविताना आपण 'मोहावर विजय' एवढेच सांगून थांबतो! लिंबायतच्या वस्तीत, जेथे झोपडीच्या कब्जाचा पुरावा म्हणून विजेचे जुने बिल जिवापाड जपून ठेवतात, तेथे तरी या मुद्रेचा पूर्ण अर्थ सांगितला गेला पाहिजे.

हिमालयातील मूर्ती पाहून आपल्याकडील शुद्धतावादी मनाला जो त्रास होतो, त्याचाही येथे विचार करणे प्राप्त आहे. धर्मानंद कोसंबी १९०२ साली बुद्धधर्माच्या शोधात अत्यंत हालअपेष्टा सोसून नेपाळात पोहोचले, आणि तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश होऊन परतले. पुढे सिंहलद्वीपात पाली ग्रंथांच्या अध्ययनात त्यांना समाधान लाभले. या निराशेचा वारसा आपल्याला मिळाला आहे. मुकुट घातलेला बोधिसत्त्व, चार हात, तारा, उग्र रक्षकदेवता हे सर्व नंतरचे भेसळीचे प्रकार म्हणून आपण बाजूला सारतो. नवदीक्षितांनी अवतारकल्पना नाकारली, बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे अशी स्पष्ट प्रतिज्ञा केली, तेव्हा अनेक हातांच्या मूर्तींविषयी त्यांना संशय वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्या मूर्ती विहारात आणाव्यात असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु नाकारणे निराळे आणि वाचता न येणे निराळे. मैत्रेय ही कल्पना तर आपल्याच किनाऱ्यावर सापडलेली आहे: १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला तेव्हा आतील पेटीत धातुकरंडकाभोवती आठ ब्राँझ मूर्ती मिळाल्या, सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा येणारा मैत्रेय. मुंबई-सुरत लोहमार्गावरून रोज जाणारी गाडी त्या जागेजवळूनच धावते. आणि मैत्रेय वाचता येत नाही याचा परिणाम असा की, संपत्ती येते म्हणून दुकानांतून विकला जाणारा लठ्ठ, हसरा पुतळा, जो वस्तुतः बुदाई नावाच्या चिनी भिक्षूचा आहे आणि ज्यास चीनमध्ये मैत्रेयाचा अवतार मानतात, तो भाबडेपणाने बुद्ध म्हणून कपाटावर येऊन बसतो. बाजार लक्षणे ठरवू लागला की असे व्हायचेच. पूजकांनी सोडलेली जागा तो रिकामी ठेवीत नाही.

कोसंबींचे ऋण मात्र याहून मोठे आहे, आणि ते लिंबायतच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. सयाजीराव गायकवाडांच्या वेतनावर काही काळ अध्ययन करणारे आणि पुढे अहमदाबादेस गुजरात विद्यापीठात काम केलेले हे गोमंतकीय पंडित. त्यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात असे दाखविले की, म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला ही कथा मूळची नव्हे. सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताच्या आधारे त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील कलह व शस्त्रधारणाविषयीचा उबग हे खरे कारण म्हणून पुढे मांडले. मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी दिलेल्या बुद्धचरित्रापासून ज्यांचा या विषयाशी संबंध जडला, त्या बाबासाहेबांनी १९५७ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच धागा धरून सबंध प्रसंग नव्याने उभा केला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा. शाक्य संघाच्या सभेत सेनापतीने मांडलेला युद्धाचा ठराव. सिद्धार्थाने त्यास केलेला विरोध आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन प्रतिनिधी व त्यांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांकडे वाद सोपविण्याची सूचना. ती सूचना प्रचंड बहुमताने फेटाळली जाणे. आणि अखेरीस कुटुंबावर बहिष्कार व जप्ती ओढवू नये म्हणून सिद्धार्थाने स्वतः होऊन स्वीकारलेली परिव्रज्या.

आता भिंतींकडे पाहा. गांधारापासून अमरावतीपर्यंत आणि तेथून लडाखच्या भिंतींपर्यंत चितारले गेलेले गृहत्यागाचे दृश्य एकच: रात्र, निद्रिस्त स्त्रिया, झोपलेली यशोधरा, कंथक घोडा, दाराशी छन्न. आपल्या विहारांत विकत आणून लावलेल्या चित्रमालिकांतही तेच. म्हणजे ओठांवर एक चरित्र आणि भिंतीवर दुसरे! बाबासाहेबांच्या कथनात घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी सिद्धार्थ आईबापांशी आणि पत्नीशी बोलतो. यशोधरा जागी आहे, ती त्याच्या निर्णयाला संमती देते, आणि राहुलचे पालन करावयाचे नसते तर आपणही परिव्रज्या घेतली असती असे सांगते. झोपलेली यशोधरा आणि जागी यशोधरा यांत केवळ कथेचा फरक नाही; जिला न सांगता नवरा गेला ती स्त्री एक, आणि जिने विचार करून होकार दिला ती स्त्री दुसरी. सात दशके होत आली तरी ही दुसरी स्त्री आपल्या कलेत जवळजवळ अनामिक राहिली, संघसभेतील तो एकटा सभासद तर चितारलाच गेला नाही असे म्हटले तरी चालेल, याचे मला मनापासून दुःख होते. आल्चीच्या चित्रकारांनी मैत्रेयाच्या मांडीवर जे केले ते करण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि त्याचा आपण वापर करीत नाही.

हे काम लिंबायतमध्ये का होऊ नये? साडीची नक्षी संगणकावर बांधणारी, भरतकामाच्या यंत्रासाठी टाका-टाका मोजून आकृती तयार करणारी, छपाईच्या जाळ्या काढणारी तरुण मुले त्याच गल्ल्यांत राहतात. पालिकेच्या मराठी शाळांत चित्रे काढणारी मुलेही तेथेच आहेत. विहारासाठी पहिली चित्रमालिका कापडावर व्हावी, भिंतीवर नको, असे मला वाटते. ती धुता येते, गुंडाळता येते, पुराच्या पाण्यातून उचलून नेता येते, आणि जे हात कापडावर चालतात त्यांना नवे माध्यम शिकावे लागत नाही. काढताना प्रश्न पुष्कळ उभे राहतील, आणि ते वस्तीने बसून सोडवावेत. संघसभेतील सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचा आहे, बुद्ध झालेला नाही. तेव्हा त्याच्या मस्तकावर उष्णीष नको, मागे प्रभामंडल नको, अंगावर चीवर नको, पण मग दोनशे शाक्यांच्या गर्दीत तो ओळखायचा कसा? माझ्या मते डोळ्यांवरून. बाबासाहेबांना उघड्या डोळ्यांचा बुद्ध प्रिय होता, असे आंबेडकरी घरांतून नेहमी सांगितले जाते, आणि या प्रसंगाला तर मिटलेले डोळे कोणत्याही परिस्थितीत शोभणार नाहीत. मतदानाच्या शलाका दाखवावयाच्या तर त्या कोणाच्या हातात आणि कोणत्या बाजूला किती, हे ठरवावे लागेल. रोहिणी नदी सभेच्या मागे दिसावी की तिची वेगळी चौकट करावी, याविषयीही मतभेद होतील. जाग्या यशोधरेची चौकट मात्र विहारातल्या स्त्रियांनी ठरवावी: ती उभी असावी की बसलेली, राहुल तिच्या कडेवर असावा की पाळण्यात, आणि तिचा हात नमस्काराला जोडलेला असावा की नवऱ्याच्या खांद्यावर, कारण पोटासाठी नवऱ्याला परगावी धाडून मागे घर सांभाळण्याचा, आणि पुढे स्वतःच गाठोडे घेऊन भुसावळकडच्या गाडीने सुरतेला निघण्याचा अनुभव त्यांच्यापाशी आहे, आणि त्या चौकटीला सनद देण्याचा अधिकार त्यांचा आहे.